शाळा, कारखाना, दवाखाना : एका दिवसाची फेरी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'बुद्धाचा विज्ञाननिष्ठ धम्म' असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे. आमचे शिक्षण गिरणीच्या पाळीतून वेळ काढून झालेले, तेव्हा त्या विषयावर भन्तेजींनीच बोलावे हे बरे. आम्ही आज फक्त एका दिवसाची हकीकत सांगणार आहोत. ती ऐकून ज्याला जे वाटेल ते वाटो.

गेल्या वर्षावासात विहार समितीची बैठक झाली होती, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण आवाज पार डांबरी रस्त्यापर्यंत गेला होता. विषय होता जमलेल्या वर्गणीचा. काहींचे म्हणणे, विहारापुढे कमान पाहिजे. काहींचे म्हणणे, मुलांसाठी शिकवणी वर्ग काढू. एक म्हणाला दवाखाना काढू, दुसरा म्हणाला शिवणयंत्रे घेऊ. तेव्हा महिला मंडळातल्या एक मावशी, ज्या एरवी बैठकीत कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "काढून रायले हे काढून रायले ते. जे आहे ते तरी पायलं का कोणी? शाळा आहे, दवाखाना आहे, एमायडीशी आहे. आतमंदी काय चालते ते मायीत आहे का तुमाले?"

खरे सांगायचे तर आम्हाला माहीत नव्हते. आम्ही लोहाऱ्यात उभा जन्म काढला. दारव्हा रोडने जाता-येता शाळेची भिंत पाहिली, एम.आय.डी.सी.ची शेडं पाहिली, दवाखान्याची पाटी पाहिली. पण आत जाऊन दोन तास बसलो असे कधी घडले नाही. म्हणून ठरले की एक दिवस पाळी बदलून, मजुरी बुडवून सर्वांनी मिळून फेरी काढायची. निघालो अकरा जण. सहा बाया, तीन गडी आणि दोन कॉलेजातली पोरे. पोरांच्या हातात वही दिली होती.

सकाळी अंगणवाडीत गेलो. तिथे फार वेळ गेला नाही. सेविका ताईंनी वजनाचा काटा दाखवला, खिचडी दाखवली आणि एकच तक्रार केली, की लेकराचे वजन कमी भरले असे सांगितले की आई रागावते आणि दुसऱ्या महिन्यात लेकरू आणतच नाही. ही तक्रार आमच्या वहीत त्या दिवशी चार ओळींत लिहिली गेली. तिची किंमत संध्याकाळी कळली.

मग शाळेत. शाळेचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणत्याही शाळेत घडू शकते. मुख्याध्यापकांनी चांगले बसवले, चहा दिला. आम्ही जरा तावातच गेलो होतो. आपल्या मुलांकडे गुरुजी लक्ष देत नाहीत, हे बोलायचेच असे ठरवून गेलो होतो. त्यांनी शांतपणे शाळा व्यवस्थापन समितीचे रजिस्टर पुढे ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, या समितीत चारपैकी तीन भाग सभासद पालक असावे लागतात. आपल्या वस्तीतले दोन पालक सभासद होते. वर्षभराच्या बैठकांत त्यांची सही एकदाच होती. त्यातला एक सभासद आमच्या अकरा जणांत उभा होता. तो तेवढ्यात बाहेर पाणी प्यायला गेला.

मग हजेरीपट पाहिला. सहावीच्या वर्गात एका मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणाच खुणा. दर महिन्यात पाच दिवस, सात दिवस, कधी सलग दहा दिवस. आम्ही विचारले, हा का येत नाही? वर्गशिक्षक म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण आळशी. आला तरी बाकावर डोकं ठेवून झोपते. पाय दुखते म्हणते, पोट दुखते म्हणते. आणि दर घंट्याला पाणी नाहीतर लघवी." मुलगा आपल्याच वस्तीतला. आम्हाला वाटले, आई मजुरीला जाते, मागे घर सांभाळायला ठेवत असेल. वहीत तसेच लिहिले : आईला समजावणे. पाहा, न विचारताच आम्ही निकाल देऊन मोकळे झालो होतो.

तिथून एम.आय.डी.सी. तिथे आमचा अंमळ जास्त वेळ गेला, कारण ते आमच्या ओळखीचे जग. जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेलो, एका फॅब्रिकेशनच्या शेडात गेलो, लेथ मशीनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. गेटवर आधी अडवले, मग आमच्यातल्या एकाला फोरमनने ओळखले म्हणून सोडले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पोरे घेता का, असे विचारले. एक मालक म्हणाला की घ्यायला तयार आहोत, पण आय.टी.आय. झालेले येत नाहीत, येतात ते नुसते दहावी नापास. आय.टी.आय.ची पोरे म्हणतात की मालक कागद करत नाही. दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात.

त्या फॅब्रिकेशनच्या शेडात पत्र्याखाली इतके गरम होते की आमच्या एका ताईला बाहेर आणून बसवावे लागले. तिने पाणी मागितले. पाण्याचा माठ कुठे, तर गेटजवळ, चौकीदाराच्या खोलीबाहेर. शेडापासून चांगले अंतर. आम्ही म्हटले, इथे काम करणाऱ्याने पाणी प्यायला किती वेळा जायचे? सुपरवायझर हसला. म्हणाला, "तुमच्याच वस्तीतलं एक पोट्टं होतं मागच्या उन्हाळ्यात. दिवसातून धा खेपा पाण्याले. मग एक दिवस मे महिन्यात हात-पाय धरून असं लोळलं की आमी घाबरलो. घरी पाठवलं. दोन खेपा झालं तसंच. मालकानं म्हटलं, कामचोर आहे, काढा."

बंधू-भगिनींनो, आम्ही दरवर्षी २० मार्चला या विहारात महाडच्या सत्याग्रहाचे भाषण करतो. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी का गेले, हे आपल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगाराच्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले, हेही आम्ही सांगतो. पण आपल्याच वस्तीतले पोर पाणी प्यायला गेले म्हणून कामावरून निघते, हे आम्हाला माहीत नव्हते. आणि माहीत झाल्यावरही आम्ही त्या क्षणी काय म्हटले? आमच्यातलाच एक म्हणाला, "खरंच आळशी आहे तो, त्याचा बाप पण तसाच होता."

तेव्हा त्या मावशी, बैठकीत बोललेल्या, त्या माठाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आन् सकाळी शाळेत जे पोट्टं पायलं, ते याचाच लहाना भाऊ नोय का?"

होता. सख्खा भाऊ. एकाचे पाय दुखतात, दुसऱ्याचे हात-पाय. दोघांना पाणी लागते. दोघे आळशी. एका घरात दोन आळशी कसे, हा प्रश्न आमच्या दहा शहाण्यांना पडला नाही, तो अंगठा उठवणाऱ्या बाईला पडला.

दुपारी अडीचच्या सुमारास सरकारी दवाखान्यात पोचलो. ओ.पी.डी. संपली होती. प्रयोगशाळेतल्या म्याडम डबा खात होत्या. आम्ही बाहेर थांबतो म्हटले तर त्यांनी डबा झाकून आम्हाला आत घेतले. मावशींनी त्यांना दोन्ही पोरांची लक्षणे जशीच्या तशी सांगितली. नाव न घेता. म्याडम म्हणाल्या, "सिकलसेल तपासला का?"

हा शब्द आपण ऐकलेला नाही असे नाही. भिंतीवर लिहिलेला आहे, एस.टी.वर लिहिलेला पाहिला आहे. पण त्याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कोणी समजावला. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, बशीसारख्या. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकल्या तिथे रक्त पोचत नाही, आणि मग दुखते. असे दुखते की मोठा माणूस लोळतो. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, ही वाकलेली जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सदा कमी, म्हणून बाकावर डोके ठेवून झोप. अंगातले पाणी कमी झाले, ताप आला, फार थंडी लागली, फार श्रम झाले की दुखणे उसळते. म्हणजे मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली त्या पोराला पाण्याला जाण्यापासून अडवणे हे औषधाच्या उलटे होते. आणि घंट्या-घंट्याला पाणी व लघवी मागणारा तो लहाना आळशी नव्हता.

आम्ही म्हटले, म्याडम, हा रोग आमच्याच लोकांत का? हे विचारताना आमचा आवाज खाली गेला होता, ते आम्हाला आठवते. त्या म्हणाल्या, तुमच्याच लोकांत नाही. विदर्भात तो आपल्या बौद्ध समाजात आहे, गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, इतरांतही आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. नंतर आम्ही वाचनालयात बसून वाचले. १९१० साली शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी वेस्ट इंडीजमधून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्याचे पहिल्यांदा लिहिले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. आणि ज्याच्या रक्तात याचा फक्त अर्धा हिस्सा आहे, ज्याला वाहक म्हणतात, तो आजारी नसतो, उलट त्याला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून जिथे शेकडो वर्षे हिवताप होता तिथे हा गुण टिकला. आपले वाडवडील जंगलाच्या, तळ्याच्या काठाने जगले, वाचले, त्याची ही खूण आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मग म्याडमनी तपासणी दाखवली. छोट्या काचेच्या नळीत औषधाचे पाणी, त्यात बोटातल्या रक्ताचा एक थेंब. थोडा वेळ थांबायचे. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलचा अंश आहे. पण तो वाहक आहे की रुग्ण, हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस, करावी लागते.

आमच्या दोन कॉलेजच्या पोरांना म्हटले, चला, द्या बोट. दोघे एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा त्यांना धीर यावा म्हणून एका वडीलधाऱ्या माणसाने आधी बोट पुढे केले. म्याडम म्हणाल्या, काका, मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी असते, तुम्ही कशाला? तो म्हणाला, एक थेंबच आहे, घ्या.

त्या माणसाच्या नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत.

तो माणूस म्हणजे आम्हीच. पुढे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पक्की तपासणी झाली. आम्ही वाहक आहोत. पन्नाशी उलटली, गिरणीत दिवसपाळी-रातपाळी केली, कधी काही झाले नाही, होणारही नाही असे डॉक्टर म्हणाले. पण आम्हाला तीन लेकरे आहेत. वाहकाच्या प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता असते वाहक होण्याची. आणि धाकटी मुलगी लग्नाची आहे, दोन ठिकाणी बोलणी चालू होती.

आता हिशेब नीट ऐका, कारण यात फार गैरसमज आहे. नवरा-बायकोपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात काहीच दोष नसेल, तर त्यांच्या लेकराला हा आजार होत नाही. लेकरू फार तर वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता असते की लेकरू रुग्ण जन्मेल. पुष्कळ लोक म्हणतात, चार लेकरांत एक, पहिले झाले आजारी, आता पुढची तीन चांगली. तसे नाही. प्रत्येक खेपेला फासा नव्याने पडतो. त्या दोन भावांच्या आईच्या बाबतीत दोन्ही खेपेला तसाच पडला.

घरी येऊन आम्ही हे सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवती पहिल्यांदा म्हणाल्या, "बाहेर बोलू नका. पोरीले कोण करंल?" तेव्हा आम्हाला सकाळची अंगणवाडीतली ती आई आठवली, वजन कमी भरले म्हणून लेकरू न आणणारी. आम्ही तिला अडाणी म्हटले होते. दोन रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी स्वतः भावासोबत जाऊन तपासून आली. तिचे कार्ड तिच्याजवळ आहे. त्यात काय आहे ते आम्ही इथे सांगणार नाही, ते तिने ज्याला सांगायचे त्याला सांगितले आहे. आज इथे आमच्या रक्ताबद्दल बोलायची परवानगी मात्र तिनेच दिली. म्हणाली, बाबा, तुम्ही लपवलं तर मीच लपवल्यासारखं होते.

आता विहाराचा प्रश्न. इथे मंगल परिणय होतात. समितीत दोन तट पडले आहेत आणि ते आजही मिटलेले नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. काही तरुण म्हणतात, दोघांचे कार्ड दाखवल्याशिवाय विहारात लग्न लावूच नये. त्यांची तळमळ आम्हाला समजते. पण आम्ही या मताचे नाही. कार्ड टेबलावर ठेवायला लावले की उद्या कोणीतरी रजिस्टर करील, परवा कोणाच्या घरी पोरगी द्यायची नाही त्याची यादी होईल. विटाळ मानणाऱ्यांच्या हातून आपण एवढे सोसले, आता आपणच रक्ताचा विटाळ काढायचा काय? त्या म्याडमना आम्ही विचारले होते, आमच्या वस्तीत किती जण आहेत, कोण कोण आहेत? त्यांनी सरळ सांगितले, नावे मी देणार नाही, ती सांगायचा अधिकार माझा नाही. त्या वेळी आम्हाला राग आला होता. आता वाटते, बाई योग्य बोलल्या.

आमचे म्हणणे इतके की तपासणी लग्न ठरवताना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, दहावी-बारावीतच व्हावी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कळले तर माणूस खोटे बोलतो. आधीच कळले असेल तर पोरगा-पोरगी एकमेकांना शांतपणे विचारू शकतात. आणि दोघे वाहक निघून तरी लग्न करायचे म्हणाले, तर त्यांना हाकलायचे नाही. गरोदरपणात लवकर तपासणी करून गर्भाला आजार आहे की नाही हे कळू शकते, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात वेळेवर विचारायला पाहिजे. तरुणांचे यावर वेगळे मत आहे, त्यांनीही स्मरणिकेत लिहावे.

एका आजीबाईने आम्हाला गाठून म्हटले, "मागच्या जन्माचं असते हे, लेका." आम्ही आजीचे पाय धरले आणि म्हटले, आजी, मागच्या जन्माचे नाही, हे माय-बापाकडून येणारे आहे, ना पाप ना पुण्य. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग येतात हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारले आहे. तथागतांची एक कथा विनयात आहे. एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याजवळ जात नव्हते, कारण तो कोणाच्या कामाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. त्याने मागच्या जन्मी काय केले होते, असे त्यांनी विचारले नाही.

आता त्या घरचे सांगतो. आईने परवानगी दिली आहे, ती आज इथेच बसली आहे, कुठे ते सांगत नाही. फेरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मावशी आणि आमच्यातल्या दोघी तिला दोन्ही पोरांसह यवतमाळला घेऊन गेल्या. दोघेही रुग्ण निघाले. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, फॉलिक ॲसिड सुरू झाले. त्या गोळ्यांवर रक्त वारंवार तपासावे लागते, मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत. आजार मुळातून गेला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, तसे औषध त्या गोळीत नाही. पण दुखण्याच्या खेपा कमी झाल्या. लहान्याच्या हजेरीपटात गेल्या तिमाहीत गैरहजेरीच्या खुणा निम्म्याहून कमी आहेत. वर्गशिक्षकांनी त्याला बाकाजवळ पाण्याची बाटली ठेवू दिली आहे आणि, हे त्यांच्या मोठेपणाचे, त्याच्या आईपुढे म्हणाले की माझे चुकले. मोठ्याला उन्हातले काम जमणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार धरलेला आहे, त्याच्या प्रमाणपत्रासाठी कागद केले आहेत, अजून हातात आलेले नाही. चकरा चालू आहेत. शेडातला माठ आता आत आला आहे. त्यासाठी आमच्यातल्या दोघांना तीनदा जावे लागले.

चकरा म्हटले की मुख्य गोष्ट येते. लोहाऱ्याहून यवतमाळ काही लांब नाही, ऑटोचे भाडेही फार नाही. पण आई पोराला घेऊन गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि महिन्याला एक दिवस बुडाला की पुढच्या महिन्यात ती जात नाही. औषध फुकट आहे, दिवस फुकट नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरले आहे, ते चांगलेच आहे. पण त्या आईच्या बुडालेल्या दिवसाचे काय, हे आपल्यालाच पाहावे लागेल. म्हणून समितीने ठरवले, आणि हे एकमताने ठरले, की वर्गणीतून जे उरेल त्यातून तपासणीला जाणाऱ्या घराची त्या दिवसाची मजुरी द्यायची. नाव वहीत लिहायचे नाही, फक्त रक्कम आणि तारीख. वही मावशींकडे राहील. त्यांना लिहिता येत नाही म्हणून आकडे त्यांची नात लिहिते.

कमान अर्धी झाली आहे. विटा बाहेर पडून आहेत, पावसाच्या आत ताडपत्री टाकायची आहे, त्यासाठी उद्या सकाळी सहाला चार गडी पाहिजेत. आणि येत्या रविवारी दवाखान्यातल्या म्याडम इथे विहारात येणार आहेत, दहा ते एक. पोरांनी यावे, पोरींनी यावे, सोबत एक आई किंवा बाप यावा. निकाल कागदावर बंद करून ज्याचा त्याच्या हातात मिळेल.

जयभीम. नमो बुद्धाय.